डाग नव्हे, वण

शाळेत रुजू व्हायचं तर छातीचा एक्स-रे हवा, म्हणून ती गेली होती. फोटो काढणारा माणूस पडद्याकडे पाहत सहज बोलून गेला, "उजवीकडे डाग दिसतोय. डॉक्टरांना दाखवून घ्या."

रिपोर्ट पर्समध्ये राहिला. डाग तेवढा ती घरी घेऊन आली.

तीन दिवस तिने कुणाला कळू दिलं नाही. मोबाइलवर शोधलं, नको नको ते वाचलं. स्वतःचा कप वेगळा ठेवला. तीन वर्षांची लेक गळ्यात पडायला आली की ती ओढणी नाकाला लावून मागे सरायची. "सर्दी झालीय गं मला." चौथ्या दिवशी लेकीने आजीला विचारलं, "आईने माझ्याशी कट्टी का घेतली?"

सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. "चार दिवसांची सर्दी आणि एक शिंक नाही? काय लपवतेस?"

तिने रिपोर्ट ओट्यावर ठेवला. "छातीत डाग आहे, आई. टीबी असला तर शाळेत कोण घेईल मला? आणि माझ्यामुळे लेकीला काही झालं तर?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेच नाही. तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?"

"म्हणजे आजार तूच ठरवलास, वाळीतही तूच टाकलंस स्वतःला. लोकांना कामच ठेवलं नाहीस. चल, ऊठ. छातीचा आधीचा एखादा फोटो आहे का?"

होता. सात वर्षांपूर्वी हॉस्टेलसाठी काढलेला, सर्टिफिकेटांच्या फायलीत.

डॉक्टरीणबाईंनी खोकला, ताप, वजन सगळं विचारलं, छाती तपासली. मग दोन्ही फोटो उजेडावर शेजारी शेजारी लावले. "ठिपका तेव्हाही इथेच होता, एवढाच. कधीतरी संसर्ग झाला असेल, तो शरीराने आपला आपण बरा केला. गुडघा फुटून बरा झाला की मागे काय उरतं?"

"वण," सासूबाई म्हणाल्या.

"हाही वणच. त्याची कुणाला लागण होत नाही, त्याला औषधही नको. पुढे खोकला रेंगाळला, ताप आला, तर मात्र लगेच यायचं. शाळेसाठी तसं लिहून देते."

तिने मोठा श्वास घेतला. मग हळूच विचारलं, "आणि टीबीच असता तर?"

"तर काही महिने नेमाने गोळ्या, आणि बरी झाली असतीस. त्यात लाजायचं काय? चुकलं ते एवढंच, की लेकीच्या काळजीने तिच्यापासून लांब झालीस, पण दवाखान्याच्या जवळ आली नाहीस."

घरी आल्यावर तिने दारातच दोन बोटं पुढे केली. "बट्टी?"

लेकीने आधी तिचं नाक निरखून पाहिलं, मग गळ्याला मिठी मारली. वेगळा कप संध्याकाळी इतरांच्या कपांत मिसळून गेला.

वाचकहो, एक्स-रेवर दिसते ती नुसती सावली. ती कशाची, हे जाणकाराने सांगायचं असतं. तो कागद पर्समध्ये दडवू नका. वण असेल तर भीती जाईल, आजार असेल तर उपचार सुरू होतील. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, आणि लपवण्यासारखं तर मुळीच नाही.