तांडेल पोराला घरी सोडतो

एकतीस तिकिटं काढल्याचा फोन आला तेव्हाच मधु सरांनी आजारी पडायला हवं होतं. ऐंशीच्या माणसाला आजारी पडणं काही अवघड नसतं. पण मितेश इतक्या आनंदात बोलत होता की सरांच्या तोंडून "येतो" निघून गेलं.

"सर, तीन रांगा आपल्याच," मितेश म्हणाला होता. "आजाचा पिक्चर आहे, घरातलं कोणी मागे राहणार नाय. तुम्ही मधोमध बसायचं. मी गाडी घेऊन येतो डोंबिवलीला."

आजा म्हणजे मितेशचा आजोबा, भिवा. त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

एक्क्याऐंशी साली सर शाळेत मराठी शिकवत होते, तेव्हा त्यांनी समुद्री चाच्यांची एक गाजलेली परदेशी कथा मुलांसाठी मराठीत आणायला घेतली. नाव ठेवलं 'तांबड्या शिडाचं गलबत'. दोन प्रकरणं झाली आणि गाडं अडलं. त्यांचे चाचे स्नेहसंमेलनात भाषण ठोकावं तसे बोलत. "थांब, हे दुष्टा" म्हणणाऱ्या चाच्याला चौथीतलं पोरही भ्यायलं नसतं. मग कोणीतरी खाडीकाठच्या गावातल्या भिवाचं नाव सांगितलं. भिवा मिठागरात राबलेला, मिठाचा मचवा हाकलेला, आणि बोलायला लागला की समोरच्यानं हातातलं काम ठेवून ऐकावं असा. सर रोज संध्याकाळी वही घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. भिवा भरतीला शिव्या कशा घालायच्या ते सांगे, वाऱ्याशी कसं बोलायचं ते सांगे, आणि त्याची बायको सरांना चहा देई. सहा महिन्यांत गलबताचा कप्तान, हैबत तांडेल, असा काही जिवंत झाला की सरांना स्वतःचाच हेवा वाटला.

एके दिवशी भिवानं विचारलं, "सर, मी कंचा यान?"

"तू तांडेल," सर म्हणाले. "गलबताचा मालक."

भिवाच्या तोंडावर जे काही पसरलं ते पाहून पुढचं वाक्य सरांच्या घशातच राहिलं. तांडेल गोड बोलून एका गरीब पोराला जहाजावर नेतो, त्याला गाठी मारायला शिकवतो, आपल्या ताटातलं भरवतो, आणि शेवटी खजिन्यासाठी त्याला उघड्या खडकावर सोडून निघून जातो, हे सांगायचं होतं. उद्या सांगू, म्हणून सर उठले. पुस्तक छापून आलं, तेव्हा भिवाच्या हातात प्रत देऊन तेवढ्याच घाईनं परतले, आणि त्यानंतर त्या ओट्याकडे फिरकले नाहीत. भिवाला वाचता येत नव्हतं. या एका गोष्टीवर सरांनी त्रेचाळीस वर्षं काढली होती. भिवा गेल्याचं कळलं त्या दिवशीही ते गेले नाहीत, घरी बसून पेपर वाचत राहिले.

मग सिनेमावाले आले. त्यांना सरांचंच पुस्तक हवं होतं, तांडेलाच्या बोलीसकट. सरांनी परवानगी दिली. का दिली, तर आयुष्यात एकच पुस्तक झालं आणि तेही विस्मरणात गेलं, याची खंत माणसाला कुठल्याही कागदावर सही करायला लावते. आता प्रकाशक नवी आवृत्ती काढायला निघाला होता. करार घरच्या टेबलावर पडला होता आणि सिनेमा पाहून आल्यावर सही करायची, असं मुलीशी, वैशालीशी, ठरलं होतं.

कल्याणच्या थिएटरात भिवाचा गोतावळा नटूनथटून आला होता. सुनांच्या अंगावर लग्नातले दागिने होते. भिवाची मुलगी सगुणा सरांच्या शेजारी बसली. तिनं नमस्कार केला.

पडद्यावर हैबत तांडेल आला आणि पहिलंच वाक्य बोलला. "वाऱ्या, तुज्या बापाचा मी नोकर नाय." थिएटर हसलं. तीन रांगांनी तर शिट्ट्या मारल्या. मितेश मागून ओरडला, "आजा!" सरांनी डोळे मिटून घेतले. वाक्य भिवाचं होतं, जसंच्या तसं, अगदी 'वाऱ्या' लांबवून म्हणण्याच्या लकबीसकट. कोण्या नटाच्या तोंडून मेलेला माणूस बोलत होता, लोक त्याच्या बोलण्याला हसत होते, आणि त्याला चोर करून सोडणारा मास्तर मधोमध बसला होता.

मध्यंतरात सरांना सामोसा देण्यात आला. तो त्यांच्यानं खाववेना.

शेवटी तांडेलानं पोराला खडकावर उतरवलं आणि शीड फिरवलं. बाकीच्या थिएटरात टाळ्या पडल्या, कारण दृश्य खरोखरच झकास घेतलं होतं. तीन रांगा मात्र चिडीचूप होत्या. सर वाट पाहत राहिले. आता कोणीतरी उठेल, त्यांच्याकडे बोट दाखवेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

बाहेर आल्यावर सगळे एकदम बोलू लागले, पण भलतंच.

"वाट लावली यार पिक्चरवाल्यांनी," मितेश संतापला होता. "शेवटच बदलला. तांडेल परत येतो ना, वादळातून? पोराला त्याच्या आयशीच्या दारात सोडतो. आजानी शंभर वेळा सांगितलीय गोष्ट."

"आन तांडेल तिला बोलतो, पोर घे, खजिना टाकला समुद्रान," एक सून म्हणाली.

"तेच तर. मेन सीनच कापला. पुस्तकाची मजाच घालवली ना. सर, तुम्हीच सांगा, पुस्तकात असं नाय ना?"

मितेशनं लाल कापडात बांधलेलं पुस्तक सोडून सरांच्या हाती दिलं. सही घ्यायला आणलं होतं. मुखपृष्ठावर हळदकुंकवाचे थर होते, कारण ते त्रेचाळीस वर्षं देव्हाऱ्यात होतं. सरांनी शेवटचं प्रकरण उघडायला घेतलं. ते उघडेना. शेवटची दहाबारा पानं एकमेकांना चिकटलेली होती, आणि कडेला वाळक्या भाताची शितं दिसत होती.

त्यांनी वर पाहिलं. सगुणा त्यांच्याकडेच बघत होती.

"चल, सरांना पानी आन," तिनं मितेशला पिटाळलं, आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "बाबा मलाच वाचाया लावायचा. चौथीन होते मी. वाचत वाचत तिथवर आले न बघलं, आमचा बाबा पोराला टाकून चाललाय. मंग मनानं सांगितलां पुढचां. दुसऱ्या कोनी वाचू नये म्हून भात लावला."

सरांना शरम वाटली. जे सांगायला त्यांची जीभ रेटली नाही, ते नऊ वर्षांच्या पोरीनं एकटीनं झेललं होतं.

"मी सांगतो," ते म्हणाले. "आज सगळ्यांना सांगतो. असंच लिहिलंय म्हणून. मी लिहिलंय."

सगुणानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "आथा नको. तुमाला हलका वाटल, पन पोरांचा आजा जाईल. सांगाचा होता तवा ओट्यावर सांगाचा. बाबा गेला तवा तरी यायाचा होता."

मितेश पाण्याची बाटली घेऊन आला. "हां सर, बोला. नाय ना?"

"नाही," सर म्हणाले. "पुस्तकात असं नाही."

गोतावळा खूश झाला. कोणी म्हणालं, निर्मात्याला फोन लावू. मितेशनं जाहीर केलं, "पुस्तक बाजारात येऊ दे, घरटी एकेक घेऊ. पोरं स्वतःच वाचतील." सरांनी पहिल्या पानावर सही केली. अक्षर वाकडं आलं.

घरी वैशालीनं करार पुढ्यात ठेवला, पेन उघडून दिलं. सरांनी पेनाला टोपण घातलं.

"नवी आवृत्ती नको," ते म्हणाले.

"बाबा, काहीतरीच काय? किती वर्षं वाट पाहिलीत तुम्ही."

"शेवट चुकलाय."

"मग बदला. तुमचंच पुस्तक आहे."

चांगला शेवट सरांना आता पाठ होता. वादळ, आईचं दार, समुद्रात टाकलेला खजिना. एका संध्याकाळीत लिहून झाला असता, आणि लोकांनी वाहवाही केली असती.

"तो शेवट माझा नाही," ते म्हणाले. "त्या घरातून एकदा घेतलंय मी. खरं न सांगता घेतलं. पुरे झालं तेवढं."

वैशालीला काही कळलं नाही, पण वडिलांचा चेहरा पाहून तिनं करार पाकिटात घातला. सर खिडकीशी जाऊन बसले. आपण एक तरी गोष्ट धड केली, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आजही, हातावर तिचा हात असतानाही, सगुणाला "माझं चुकलं" एवढं म्हणायचं राहूनच गेलं. उद्या जाऊन म्हणू, असं त्यांच्या मनात आलं. आणि तो 'उद्या' ऐकून ते तसेच उठले, पायात चपला सरकवल्या आणि वैशालीला म्हणाले, "रिक्षा बोलाव. आत्ता."