जिन्याखालचं वर्तुळ

"बाय, पोरीला जिन्याखाली नको बसवू. आतून सुटलाय तो."

भैरूदादांनी हे सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली. मला वाटलं, इतकी वर्षं सांभाळलेली इमारत माणसाला आपलीच वाटते. तिथं कुणी खुर्च्या मांडलेल्या त्याला खपत नाहीत. तशी मी घाबरट. लेकीला, रुतिकाला, द्राक्षसुद्धा चार तुकडे करून देणारी. पण भीती जंतूंची, प्लगपॉइंटची, फाटकाबाहेरच्या रिक्षांची. डोक्यावरच्या काँक्रीटची कुणाला वाटते?

वाशीतली ती जुनी सरकारी कचेरी. ना गिलावा, ना रंग. नुसतं करडं काँक्रीट, त्यावर सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेघा जशाच्या तशा. त्या फळ्या ठोकणाऱ्यांत सतरा वर्षांचे भैरूदादा होते. बोनकोड्याची भातखाचरं शहरात गेली आणि ते शहर बांधायला आले. पुढे त्याच कचेरीत पंप, नळ, गळती बघण्यात नोकरी संपली. कचेरी हलली, इमारत कबुतरांना राहिली. गेल्या वर्षी तिथं मुलांचं वाचनालय करायचं ठरलं, तेव्हा आमच्या समितीने त्यांनाच बोलावलं.

लहान हातोडीने ते भिंतीवर टकटक करत, कान लावत. आवाज पोकळ आला की तिथं खडूचं वर्तुळ. "खारी हवा हाय," ते म्हणायचे, "आतली लोखंडी सली गंजते, फुगते, नि काँक्रीटला भायेर ढकलते. वरून काय कलत नाय." जिथं वर्तुळ, तिथं ठेकेदाराची माणसं फोडून नवं भरणार. खूण तेवढी खडूचीच, कागदावर काहीच नव्हतं.

जिन्याची खालची बाजू उतरती, हात पोचेल इतकी. तिथं मी गाद्या, उशा, छोट्या खुर्च्या मांडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी इतर आया बघायला येणार, फोटो निघणार. आणि वर मध्यभागी ते भलंमोठं पांढरं वर्तुळ. पर्समधला ओला टिश्यू काढला आणि पुसून टाकलं. भैरूदादा नळाशी बादली भरत होते. पाठमोरे आहेत असं मला वाटलं.

सोमवारी ठेकेदाराची माणसं आली, अकरा वर्तुळं भरून गेली.

वाचनालय सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. रुतिका जिन्याखालून उठून पाण्याची बाटली मागायला माझ्याकडे आली आणि मागे धप्प आवाज झाला. ताटाएवढा तुकडा तिच्या खुर्चीवर पडला होता. खुर्चीचा पाय मोडला होता.

संध्याकाळी बैठक बसली. अध्यक्ष उज्वलाताई ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं की, तिथं तपासलं नव्हतं का. मी रुतिकाला मांडीवर ओढलं. भैरूदादा जमिनीकडे बघत होते.

"ऱ्हायलं असंल," ते म्हणाले. "वय झालं. कान गेला माझा."

कुणीतरी म्हणालं, तरी मी सांगत होतो, मशीन आणा. कुणीतरी हसलं. मी रुतिकाच्या केसांतली धूळ काढत राहिले.

दादांनी हातोडी टेबलावर ठेवली. निघताना माझ्यापाशी थांबले.

"पोर वाचली ना, बाय? मग झालं."

ते पाठमोरे नव्हते, हे मला तेव्हा कळलं. पोरीची आईच ती, फोटो झाले की वर्तुळ परत काढील, असं त्यांना वाटलं असणार.

पंधरा दिवसांनी समितीला पत्र लिहून मी सगळं कबूल केलं. उत्तर आलं, प्रामाणिकपणाबद्दल आभार, आता तपासणीला एजन्सी नेमली आहे. बोनकोड्याला दोनदा जाऊन आले. दार आतून बंद होतं. शेजारीण म्हणाली, "हायती घरान, पन कुनाला भेटत नाय. पुतलाबाय गेल्यापासून एकलेच हायती, आता त्यांचा कामबी गेला." पुतळाबाई म्हणजे त्यांची बायको. मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुम्ही कोपरखैरण्याच्या बाजूला राहत असाल, तर बोनकोड्यात देवळामागच्या गल्लीत एकदा डोकावून या. भैरूदादांचं घर कुणीही दाखवेल. जेवलात का, एवढं विचारा. दार उघडलं नाही तरी मोठ्याने बोलू नका, हळू विचारा. त्यांना ऐकू येतं.