भावजींनी घेतलेली उजळणी

माझी भाची ठकी शाळेच्या जिन्यावरून डोक्यावर आपटली. जखम भरली, केस वाढले, आणि आमच्या भावजींनी पोरगी ठणठणीत असल्याचं जाहीर करून टाकलं. भावजी त्याच शाळेचे मुख्याध्यापक. सूर्यही आपण घंटा दिल्यावरच उगवतो, असा त्यांचा समज.

घरात मात्र ठकी एक मोजा घालून दुसरा हातात घेऊन बसून राहायची. दोन कामं एकदम सांगितली की रडायची.

"नाटकं आहेत," भावजी म्हणायचे. माझी ताई दुसरा मोजा स्वतः चढवायची.

रुग्णालयातल्या मानसतज्ज्ञ बाईंनी चाचण्या घेतल्या. ठोकळे जुळवणं ठीक जमलं, पण ऐकलेले शब्द ठकीला आठवेनात. भावजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुख्याध्यापकांची मुलगी आणि कच्ची? चाचणीच्या वेळी हट्टानं खोलीत बसून त्यांनी ते शब्द ऐकले होतेच. मग पुढच्या तपासणीपर्यंत रोज जेवणाआधी उजळणी. चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या खेपेला मीही गेले. बाई म्हणाल्या, "मी शब्द वाचते, नीट ऐक हं."

त्यांनी तोंड उघडायच्या आत ठकी सुटली, "बादली, वारा, खुर्ची, माकड, साबण..." भावजींची छाती फुगली.

"छान. पण आजचे शब्द वेगळे आहेत," बाई म्हणाल्या आणि नवे शब्द वाचले. ठकीनं बापाकडे पाहिलं आणि पुन्हा तेच म्हटलं, "बादली, वारा..." मग मधेच थांबली. "बाबा, चुकले का? परत नका ना बसवू."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "सर, ही परीक्षा नाही. हिला कुठे मदत लागेल ते आम्ही शोधतोय. तुम्ही तेच झाकायला निघालात."

"मी तिचा आत्मविश्वास वाढवत होतो."

"तिचा कसला?" मी म्हटलं. "भावजी, तुम्हाला पोरगी नको, प्रगतिपुस्तक हवंय."

ते माझ्यावर उखडणार, तोच ताई उठली. नवऱ्यापुढे कधी आवाज न चढवणारी माझी ताई. तिनं दार उघडलं. "तुम्ही बाहेर बसा."

शिपायानंच मुख्याध्यापकांवर छडी उगारावी तसे भावजी बघत राहिले. मग गेले.

चाचण्या दुसऱ्या दिवशी, ठकी ताजीतवानी असताना झाल्या. एका वेळी एकच सूचना, मधे विश्रांती, उत्तराला जास्त वेळ, असं बाईंनी सुचवलं. ताईनं स्वतः शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला ते समजावलं. मुख्याध्यापकांची परवानगी मागायला ती थांबलीच नाही.

ठकी अजून लवकर दमते, पण शाळेतून रडत येत नाही. आणि भावजी? ते पाहुण्यांना सांगतात, "मला पहिल्यापासून शंका होतीच."