लख्ख फरशी

टर्पेंटाइनचा बोळा बादलीत टाकून काकू गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, तेवढ्यात संग्रहालयाचा व्यवस्थापक दारात आला. त्याने फरशीकडे पाहिलं आणि तो तिथेच उंबऱ्यावर बसला.

"काकू, हे काय केलंत?"

काकूंना प्रश्नच कळला नाही. चित्रकार नवरा गेला, घर संग्रहालयाला दिलं, परवा किल्ल्या द्यायच्या. घर दुसऱ्याच्या हवाली करायचं तर पुसून-सवरून द्यावं, यात विचारण्यासारखं काय होतं? आठवडाभर त्या चित्रखोलीची फरशी घासत होत्या. नवरा होता तोवर या खोलीत केरसुणी न्यायची सोय नव्हती. रंग सांडायचा त्याने, त्यात पाय बुडवून घरभर हिंडायचंही त्यानेच. पुसायला बायको होतीच. आता कुठे ही खोली मनासारखी लख्ख झाली होती. कंबर मोडली होती, पण काकू खूश होत्या.

व्यवस्थापकाने थकल्या आवाजात समजावलं. चित्रं लोक कुठेही बघतील, इथे ते ही रंगाने माखलेली फरशीच बघायला येणार होते. तिकिटांवर तिचाच फोटो छापून झाला होता. म्हणजे सगळं मुसळ केरात. दुसऱ्या दिवशी तो जुने फोटो आणि एक रंगारी घेऊन आला. फोटो बघून डाग पुन्हा पाडायचे, असं ठरलं. काकू म्हणाल्या, करा काय ते.

दुपारपर्यंत फरशी होती तशी घाण झाली. स्वयंपाकघराच्या चौकटीचा मात्र एकही फोटो नव्हता, कारण तिथला डाग काकूंनी कधी संध्याकाळपर्यंतही टिकू दिला नव्हता. चहा मागायला आला की नवरा हातातला ब्रश नेमका त्या चौकटीला पुसायचा. किती भांडणं झाली त्यावरून. हे कुणाला सांगायचंच नाही, असं काकूंनी मनाशी ठरवलं. निदान चौकट तरी आपली राहू दे.

रंगारी डबे बंद करू लागला, तेव्हा त्यांनी ब्रश मागितला.

"कुठे मारायचाय? मी मारतो ना."

"नको. ते आमच्या घरातलं काम आहे."

त्या चौकटीपाशी येऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं त्या आत असायच्या, दाराकडे पाठ करून. इथे थांबून त्यांनी आत कधी पाहिलंच नव्हतं. इथून बाकी काही दिसत नव्हतं, फक्त ओट्यापुढची त्यांची उभं राहायची जागा दिसत होती. नवरा इथून तेवढंच बघत आला होता.

काकूंनी ब्रश चौकटीला टेकवला आणि खाली ओढला.

"चहा टाकतेस का गं?" त्या हळूच म्हणाल्या.

आतून कुणी ओरडलं नाही. काकूंचा दुसरा हात आपसूक बोळा शोधू लागला. बोळा कालपासून बादलीतच होता. त्यांनी बादली उचलली आणि मागच्या दारी नेऊन ओतून टाकली.