चौतिसावी रीत

कोथरूडातल्या गोपाळकृष्ण सरांच्या क्लासला पाटी नव्हती. पाटी नवख्यांना लागते, असं ते म्हणत. मुलांना भूमिती शिकवून झाली की ते स्वतःचं कोडं काढून बसत. पाच घरांची, म्हणजे पाच चौकटींची, रेघ लहानमोठ्या सलग तुकड्यांनी झाकायची. तुकडे एकमेकांवर चढले तरी चालतील, पण फुकटचा एकही नको. कुठलाही काढला की रेघ उघडी पडली पाहिजे. अशा रीती किती? एका घराला एक, दोनांना दोन, तिनांना पाच, चारांना तेरा, पाचांना तेहतीस. ही श्रेणी जगात कुणाला सुचलेली नाही आणि ती आपल्या नावानं छापून यावी, एवढी एकच हाव त्या माणसाला उरली होती.

त्या तेहतिसावर अकरा वर्षांपूर्वी नववीतल्या तनुजानं बोट ठेवलं होतं. "सर, एक राहिली. दोन्ही टोकांना एकेका घराचे तुकडे, आणि आत दोन-दोन घरांचे दोन, मधल्या घरावर एकमेकांवर चढलेले. चौतीस होतात."

सरांनी वहीत डोकावलंसुद्धा नाही. "वा! म्हणजे आता आपण आम्हाला शिकवणार. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नसतं, हे घरी कुणी सांगितलेलं दिसत नाही."

वर्ग खो खो हसला. सोमवारपासून पोरगी आली नाही. ब्याद टळली, असं सरांना वाटलं.

पुढे अकरा वर्षं ते तेहतिसाला लागू पडेल असा नियम शोधत बसले. दर वर्षी नवा लेख, दर वर्षी गणिताच्या मासिकाकडून साभार परत. लेखाच्या प्रती निघत कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात. गेली आठ वर्षं तिथे मशीनमागे उभी असायची तनुजाच. गणिताचा तिनं धसकाच घेतला होता. बारावीनंतर वडिलांचं दुकान धरलं.

गेल्या रविवारी खराडीहून भाचा आमोद आला. कपातला चहा निवायच्या आत त्यानं पाच घरांच्या रीती लॅपटॉपवर मोजून दाखवल्या.

"मामा, थर्टी-फोर येतंय. आणि ही सिरीज तर..."

"दिसतंय मला," सर म्हणाले.

आधीच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा, ही श्रेणी चाळीस वर्षं त्यांनीच फळ्यावर लिहिली होती. तिच्यातलाच एकाआड एक आकडा: एक, दोन, पाच, तेरा, चौतीस. त्यांचं नवं असं काहीच नव्हतं. त्या दिवशी पोरीचं ऐकलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं. अकरा वर्षं पाण्यात गेली, आणि एक चांगली विद्यार्थिनीही.

सोमवारी सकाळी ते दुकानाच्या पायरीशी उभे राहिले.

"तनुजा, तुझी ती चौतिसावी रीत बरोबर होती."

"माहितीये, सर."

"माहितीये? अगं, मग दर वर्षी तेच चुकलेलं पान माझ्या हातात देत होतीस, तेव्हा बोलली का नाहीस?"

तनुजानं दुसऱ्या गिऱ्हाइकाचं आधारकार्ड काचेवर ठेवून झाकण लावलं.

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली. "आज किती प्रती काढायच्यात?"

सरांच्या हातात एकही कागद नव्हता.