पंपावरचा विसावा

चारकोपच्या एका ट्रस्टचा सचिव सुबोध परब याने दोन कामं तडीस नेली होती. स्मशानात लाकडाच्या चितेऐवजी गॅसदाहिनी आणली आणि ट्रस्टची डिझेलची शववाहिनी सीएनजीवर केली. दोन्हींची उद्घाटनं झाली, भाषणं झाली, वातावरण शुद्ध झालं. मग त्याचे वडील वारले.

अण्णांनी जाताना एकच मागितलं होतं. "माका गाडयेत घालून व्हरू नको. खांद्यार व्हर. वाटेत इसाव्याक ठेव." विसाव्याला तिरडी घटकाभर जमिनीला टेकवतात, खांदेकरी बाजू बदलतात, मग पुढे. सुबोध हो म्हणाला होता. मरणाऱ्याला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

पण चुलतभावांपैकी दोघांची कंबर गेलेली, एकाचा गुडघा. शिवाय सचिवानेच नवी शववाहिनी नाकारली तर लोक काय म्हणतील? अण्णा गाडीतूनच निघाले. गॅसच्या गाडीत विस्तव नको, म्हणून मडकंही घरीच राहिलं. शेजारी आई बसली, जानकी. बायका स्मशानात येत नाहीत, असं मामा दोनदा म्हणाले. तिला ते ऐकू आलं नाही.

अर्ध्या वाटेत गाडी आचके देऊ लागली. उद्घाटनात हार सगळ्यांनी घातला होता, गॅस कुणीच भरला नव्हता. पंपावर रिक्षांची रांग होती. रिक्षावाल्यांनी न सांगता वाट दिली. पंपावरचा माणूस मात्र अडला. गॅस भरताना गाडीत कुणी राहायचं नाही.

सगळे उतरले. तरी तो नळी लावेना.

"ते वारलेत," सुबोध म्हणाला.

"दिसतंय ना, साहेब. पण नियमात तसं काही लिहिलेलं नाही."

नियम सुबोधला पाठ होता; गाडीच्या काचेवर त्यानेच तो चिकटवून घेतला होता. दाहिनीची वेळ टळत चालली होती. त्याने ओळखीच्या कुणाला तरी लावायला फोन काढला.

"कोणाक फोन करतंस?" जानकी म्हणाली. "उतरव तेंका. इसावो हयच."

तिरडी हवा भरायच्या यंत्राशेजारी टेकवली. रिक्षावाले खाली उतरून उभे राहिले. मागे हॉर्न वाजवणाऱ्याला कुणीतरी गप्प केलं.

टाकी भरली. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. सुबोधने ते लावलं, दाहिनीवर फोन करून आपली वेळ पुढच्यांना देऊन टाकली आणि तिरडीच्या दांड्याखाली खांदा दिला. कंबर गेलेल्या एका चुलतभावाने मागच्या दांड्याला खांदा लावला. उरलेल्या दोन बाजूंना दोन रिक्षावाले आले, रांगेतला नंबर सोडून.

मागून रिकामी शववाहिनी, भरल्या टाकीने, पहिल्या गिअरमध्ये येत राहिली. जानकी तिच्यात बसली नाही.