थांब आणि थांबा

"घे रे गोमा, चहा घे. लाजतोस काय?" आरोपीच्या वकिलांनी कटिंगचा ग्लास पुढे केला.

गोमाने तो घेतला. जो माणूस तासाभराने आपल्याला पिंजऱ्यात उभं करून उलटसुलट विचारणार, त्याच्याच पैशाचा चहा प्यावा की नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या लेकीने, नंदाने, मान दुसरीकडे वळवली. ती बारावीपर्यंत शिकलेली, खोपोलीला मेडिकलच्या दुकानात कामाला. तिला यातलं जरा जास्त कळायचं आणि म्हणून जरा जास्त लागायचं.

कोर्टाच्या फाटकासमोरच ही चहाची टपरी. आत एकमेकांवर तुटून पडणारे वकील इथे एकाच बाकड्यावर बसतात. सरकारी वकील मेघाताईही तिथेच होत्या. गोमाच्या बायकोला, ठमीला, गाडीने उडवलं त्या प्रकरणात सरकारची बाजू त्या मांडत होत्या.

"कायदा अजून कडक व्हायला पाहिजे," मेघाताई म्हणाल्या. "गाडी चालवताना हातात फोन दिसला की लायसन्स गेलं, कायमचं. दोनचार बड्या घरची पोरं आत गेली, की बघा कसे फोन खिशात जातात."

"ताई, तुम्ही लाख कायदे करा. माणसाची नजर आहे, ती भटकणारच." वकिलांनी बशीत चहा ओतला. "ह्याला उपाय एकच. गाडीतून ड्रायव्हरच काढून टाकायचा. परदेशात फिरतायत तशा गाड्या. मशीन फोन बघत नाही, गाणं बदलत नाही, त्याला झोप येत नाही. आपल्याकडे आल्या ना, की माझा आणि तुमचा दोघांचा धंदा बसला!"

दोघेही हसले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. रोजचं काम असलं, की माणूस त्यावर हसतोच.

गोमा ऐकत होता. त्याने हळूच विचारलं, "साहेब, त्या गाडीला झेंडी दिसंल?"

"दिसेल की. चारी बाजूंनी कॅमेरे असतात. माणूस दिसला की आपोआप ब्रेक."

"आमीपन दिसू?"

"अरे, माणूस म्हणजे माणूस! कुणीही."

"मंग बरं हाय," गोमा म्हणाला. मग त्याने पुढे सांगितलं, "ठेकेदारानं रस्त्यावर झेंडी दावायला तिच्या जागी बाहुला उभा केलाय. बॅटरीवर हात वरखाली करतो. परवा त्यालाबी एकानं उडवला."

"मग?"

"मंग काय. दुसरा आनला."

वकिलांनी टपरीवाल्याचे पैसे दिले आणि ते आत गेले.

*

पळसदरीच्या वरच्या अंगाला गोमाची ठाकूरवाडी. खाली कर्जत-खोपोली रस्त्याचं काँक्रीटचं काम निघालं, तेव्हा वाडीतली बरीच माणसं तिथे लागली. गोमा आणि ठमी झेंडीवर होते. अर्धा रस्ता उकरलेला, उरलेल्या अर्ध्यावरून आळीपाळीने एकेका बाजूची वाहनं सोडायची. काम म्हटलं तर सोपं. पण मध्ये वळण होतं. खोपोलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या गोमाला कर्जतकडच्या टोकाची ठमी दिसायची नाही. ठेकेदाराने सांगून टाकलं, "फोन आहेत ना तुमच्याकडे? एकमेकांना फोन करा आणि सोडा."

मग दिवसभर ते एकमेकांना फोन करायचे. तो सांगायचा, "शेवटली पांढरी जीप." पांढरी जीप तिच्याजवळून गेली, की ती तिच्याकडची वाहनं सोडायची आणि त्याला शेवटलीचा रंग सांगायची. एका हातात झेंडी, मान वाकडी करून खांद्यात दाबलेला फोन. संध्याकाळी ठमीची मान दुखायची. चुलीवर फडकं गरम करून ती शेकायची आणि म्हणायची, लगीन झाल्यापासनं तू माझ्याशी इतका कदी बोलला नव्हतास. हे ती कौतुकाने म्हणायची की टोमणा मारायची, ते गोमाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

तो रविवार होता. पळसदरीच्या धरणावर फिरायला येणाऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. गोमाने फोन करून सांगितलं, "शेवटला निळा टेंपो." निळा टेंपो अजून वळणावरच होता, तेवढ्यात ठमीच्या समोर थांबलेल्या रांगेला बगल देऊन एक गाडी सरळ पुढे आली. चालवणारा रुपेश नावाचा पुण्याचा पोरगा, चोवीस-पंचवीसचा. तो मोबाइलवर रस्ता बघत होता, असं त्याच्याच मित्राने त्या दिवशी पोलिसांना सांगितलं. पुढे कोर्टात मित्राला ते आठवेना.

आणि ठमीजवळ सापडला तो फोन. चालू. त्यावरच आता सगळी केस येऊन ठेपली होती. रुपेशच्या बाजूचं म्हणणं असं, की बाई फोनवर बोलण्यात दंग होती, झेंडी दाखवलीच नाही आणि अचानक गाडीपुढे आली. लक्ष नव्हतं ते तिचं.

गोमाला बाकी काही नको होतं. पोराला तुरुंगात घाला, असंही तो कधी म्हणाला नाही. फक्त ठमीचं लक्ष नव्हतं, ही गोष्ट त्याला सहन होत नव्हती. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबताना जिने एक कणीस इकडचं तिकडे केलं नाही, तिने कामचुकारपणा करून मरण ओढवून घेतलं, असं सरकारच्या कागदावर राहणार होतं. ते तसं राहू नये, एवढ्यासाठी तो तारखांना येत होता.

*

पुकारा झाला. गोमा पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. मेघाताईंनी विचारलं ते त्याने नीट सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. आत ते गोमाला तुम्ही म्हणत होते.

"घटनेच्या वेळी तुम्ही तुमच्या पत्नीला फोन केला होता. बरोबर?"

"होय."

"म्हणजे गाडी आली तेव्हा ती फोनवर होती."

"व्हती. कामाचा फोन व्हता साहेब."

"हा फोन जवळजवळ पाव तास चालू होता, असं कंपनीच्या नोंदीत आहे. पाव तास! कामाचं एवढं काय बोलत होता नवराबायको?"

मागे कुणीतरी हसलं. गोमाने कठडा धरला.

"ती नव्हती बोलत. मी एकलाच बोलत व्हतो."

"म्हणजे?"

"ती बोलायची थांबली. पन फोन चालू व्हता. मी आपला हाका मारतोय, ठमे, ठमे. मानसांचा गलका ऐकू येत व्हता. मी झेंडी सोडून जानार कसा? माझ्याकडची वाहनं सुटली असती. ती हार्न वाजवत व्हती, शिव्या देत व्हती. मंग वाडीतला जैतू पळत आला, त्यानं माझ्या हातातली झेंडी घेतली. तवा मी गेलो."

वकिलांनी हातातले कागद उगाच खालीवर केले. पण त्यांना त्यांचं काम होतं.

"ठीक आहे. बोलायची थांबली, त्याआधी ती काय म्हणाली?"

गोमाने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पोलिसांनी विचारलं नव्हतं. नंदाने एकदा विचारलं होतं, तेव्हा तो उठून गुरांकडे निघून गेला होता.

"थांबा, थांबा, असा बोलली."

"बघा साहेब!" वकील न्यायाधीशांकडे बघून म्हणाले आणि पुन्हा गोमाकडे वळले. "तुमच्याशीच बोलत होती ना? तिने तुम्हाला सांगितलं, थांबा, इतक्यात वाहनं सोडू नका. म्हणजे लक्ष तुमच्याकडे. समोरच्या गाडीकडे नाही."

"नाय साहेब." गोमा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला. "माला ती थांबा नाय बोलायची. आमच्यात बायको नवऱ्याला अवोजावो नाय करत. माला ती थांब बोलायची. थांब रं. उभा जलम थांबच बोलली. हे थांबा बोलली ती गाडीवाल्याला. मोटारीतल्या मानसाला ती तुमी बोलायची, लानगा पोर असंल तरी. म्हंजी तिला गाडी दिसली व्हती साहेब. ती त्याला थांबवत व्हती. तिचा ध्यान व्हता."

एवढं सलग गोमा कधी बोलला नसेल. त्याला दम लागला. मेघाताई टेबलावर वाकून भराभर काहीतरी लिहीत होत्या. आरोपीच्या जागी बसलेला रुपेश मान खाली घालून होता, त्याने मान अजून खाली घातली.

"एका कान्यावर केस लढायची म्हणजे कमाल आहे," वकील म्हणाले, पण हळू.

न्यायाधीश साहेब वयस्कर होते, शांत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचं म्हणणं, तो शब्द आरोपीला उद्देशून होता?"

उद्देशून म्हणजे काय, ते गोमाला कळलं नाही.

"गाडीवाल्याला म्हणाली, असं?"

"होय साहेब. त्यालाच."

साहेबांनी मान हलवली आणि टंकलेखकाला सांगायला सुरुवात केली. कोर्टाची भाषा वेगळी असते. तिच्यात माणसं मरत नाहीत, मयत होतात, आणि जे कानांनी ऐकलं त्याचाही समज होतो. "मयत हिने थांबण्यास सांगितले. सदर शब्द आरोपीस उद्देशून होते, असा साक्षीदाराचा समज आहे."

टंकलेखकाची बोटं चालली. वकिलांनी शेवटचा प्रश्न विचारला, "तुम्ही वळणाच्या पलीकडे होता. प्रत्यक्ष काहीच पाहिलं नाही. बरोबर?"

"नाय पायला," गोमा म्हणाला. ते खरंच होतं.

साक्ष वाचून दाखवली. बरोबर आहे का, असं विचारलं. गोमाला त्यात चूक काही सापडली नाही. थांबायला तर तिने सांगितलंच होतं. त्याने अंगठा दिला.

*

व्हरांड्यात नंदा खांबाला टेकून उभी होती.

"बाबा, त्यांनी थांबण्यास लिवला."

"मंग? तसाच सांगितला ना तिनं."

"थांब काय न् थांबा काय, थांबण्यास मंदी दोनी येतंत. कुनाला कसा कलायचा ती कुनाला बोलली ते? न् वर लिवलाय, तुझा समज हाय. समज म्हंजी तुला तसा वाटतं."

गोमाला हे उलगडायला वेळ लागला. "वाटतं नाय गं. ऐकला मी."

"ठाव हाय मला. त्यांच्या कागदात वाटतं हाय."

मेघाताई बाहेर आल्या. चांगली साक्ष दिलीत, असं म्हणाल्या. मी बोलणार आहे त्यावर, असंही म्हणाल्या. पण त्या सरळ बाई होत्या, खोटा धीर देणं त्यांना जमायचं नाही. "खरं सांगू का, फोन तिच्याकडे होता, हे त्यांना पुरेसं आहे. संशयाचा फायदा मिळेल त्याला. नव्या कायद्यात शिक्षा वाढली आहे, पण तुमचं प्रकरण आधीचं, ते जुन्यात बसतं. आणि कायदा नवा काय, जुना काय, पुरावा लागतोच."

"म्हंजी तिचा ध्यान नव्हता, असाच ऱ्हाईल?"

मेघाताईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला, त्या गेल्या.

गोमा पायरीवर बसला. डोळ्यांत पाणीही येईना. त्याला ठमीची लाज वाटली नाही, स्वतःचीच वाटली. आपल्याकडे एकच गोष्ट होती, इतके दिवस पोटात सांभाळलेली, आणि ती चार माणसांत काढून दाखवली तर तिचा अक्षरभरही उपयोग झाला नाही. आता सांगायला काही उरलं नव्हतं.

समोर सावली पडली. रुपेश होता. त्याचे वडील फाटकाजवळ गाडीत बसून त्याला हाका मारत होते. पोराची दाढी वाढलेली, ओठ कोरडे.

"काका," तो म्हणाला. "मी खरंच पाहिलं नाही त्यांना. वर बघितलं तेव्हा..."

नंदा पुढे सरसावली. गोमाने तिचा हात धरून तिला मागे घेतलं.

"तुमाला बोलली ती," गोमा म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "थांबा बोलली. एवडंच ध्यानात ठेवा. बाकी कुनी ठेवनार नाय."

रुपेशने हात जोडले. मग तो गेला आणि गाडीत मागच्या सीटवर बसला.

गाडी मागे घेऊन रस्त्यावर काढायची होती. फाटकासमोरून वाहनं सुसाट जात होती. वडील जरा मागे घेत, हॉर्न ऐकला की दचकून पुन्हा पुढे घेत. दोनतीनदा असंच झालं. गोमा पायरीवरून उठला. नंदाला कळेना, हा चालला कुठे. तो फाटकातून बाहेर पडला, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

एक टेंपो करकचून थांबला. त्याच्या मागे रिक्षा, मागे एक एसटी. गोमाने दुसऱ्या हाताने खूण केली. गाडी मागे आली, वळली आणि पुण्याच्या दिशेने निघून गेली.

"ए म्हाताऱ्या, सर की!" टेंपोवाला ओरडला.

गोमाने दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि त्याला सोडलं.